पहिल्यांदा रक्तदान करताना: नोंदणीच्या टेबलापासून पुढच्या तारखेपर्यंत

रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे राहून मोबाइलमधील एकेका क्रमांकावर "बी पॉझिटिव्ह कोणी आहे का हो?" असे विचारणारा नातेवाईक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो, आणि काहींवर ती वेळ स्वतःवरही आलेली असते. अशा वेळी झोपेतून उठून धावत येणाऱ्या मित्राचे कौतुक होते, आणि ते व्हायलाही हवे. परंतु त्या मित्राने दिलेले रक्त त्या रात्री त्याच रुग्णाला चढत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. घेतलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी करावी लागते, गट पुन्हा पडताळावा लागतो, घटक वेगळे करावे लागतात, आणि यात काही तास सहज जातात. बाळंतपणात अतिरक्तस्राव सुरू झालेल्या बाईजवळ तेवढे तास नसतात. तिला जी पिशवी लावली जाते ती कोणीतरी आठ-पंधरा दिवसांपूर्वी, तिचे नावही माहीत नसताना, देऊन ठेवलेली असते. ऐच्छिक रक्तदानाचे महत्त्व म्हणतात ते इतकेच आणि एवढे मोठे आहे: उपयोगी पडते ते फोन येण्याआधी दिलेले रक्त.

प्रथमच रक्तदान करू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आधी थोडी पार्श्वभूमी, आणि मग प्रत्यक्ष काय करायचे ते क्रमाने.

ऐच्छिक म्हणजे नेमके काय

भारतात एकेकाळी पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते सर्रास असत. पैशाची निकड असलेला माणूस आपला आजार लपवतो आणि ठरलेल्या मुदतीपूर्वीच पुन्हा रक्त द्यायला येतो, त्यामुळे असे रक्त घेणाऱ्यालाही घातक आणि देणाऱ्यालाही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भात निकाल दिला, त्यानुसार राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या आणि 1998 च्या आरंभापासून रक्ताची विक्री बंद झाली. आज रक्तपेढी जे पैसे घेते ते चाचण्या, पिशवी आणि साठवण यांचे प्रक्रिया शुल्क असते. रक्ताची किंमत नव्हे.

त्यानंतर उरला तो "बदली रक्ता"चा प्रकार. तुमच्या रुग्णाला दोन पिशव्या दिल्या, आता दोन माणसे आणा, असे सांगितले जाते. यात पैसा नसला तरी दबाव असतोच. सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी जावयाला सगळ्यांसमोर पुढे केले की मागच्या वर्षी झालेली कावीळ तो बोलून दाखवीलच असे नाही. शिवाय रक्ताच्या नात्यातील माणसाचे रक्त अधिक चांगले, ही समजूतही चुकीची आहे. आई-वडील, भावंडे, मुले यांच्या पेशींची ठेवण मिळतीजुळती असल्यामुळे दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून राहतात आणि त्याच्याच ऊतींवर उलटतात, असा एक दुर्मीळ पण बहुतेक वेळा जीवघेणा प्रकार घडू शकतो. म्हणून जवळच्या नातेवाइकाचे रक्त वापरायचेच झाले तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. परक्याचे रक्त अधिक सुरक्षित, असे म्हणावे लागण्याची ही एक जागा आहे.

आणि काही रुग्ण असे असतात की ज्यांचे नातेवाईक किती वेळा धावणार, हाच प्रश्न असतो. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि ते जन्मभर. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. या कुटुंबांनी दर महिन्याला दाता शोधत फिरणे शक्य नाही, आणि फिरावे लागूही नये.

आपण पात्र आहोत का, हे घरीच पाहावे

वय 18 ते 65 असावे. मात्र पहिलेच रक्तदान असेल तर साठीच्या आत. वजन किमान 45 किलो हवे. 350 मिलिलिटरची पिशवी त्यावर घेता येते, आणि 450 मिलिलिटरसाठी वजन 55 किलोच्या वर असावे लागते. हिमोग्लोबिन स्त्री असो वा पुरुष, 12.5 ग्रॅम किंवा अधिक हवे. रक्तदाबाचा वरचा आकडा 100 ते 140 आणि खालचा 60 ते 90 यांच्या दरम्यान असावा.

थांबावे लागण्याची कारणे बरीच आहेत आणि त्यांतील बहुतेक तात्पुरती आहेत. हिवताप बरा झाल्यावर तीन महिने, डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाल्यावर सहा महिने, टायफॉइडनंतर वर्षभर थांबावे. गोंदवून घेतले असेल, कान-नाक टोचले असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा स्वतःला रक्त चढवले गेले असेल तर बारा महिने. दात काढला असेल तर सहा महिने. बाळंतपणानंतर एक वर्ष आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत, तसेच पाळीच्या दिवसांत रक्तदान करू नये. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात असेल आणि चार आठवड्यांत मात्रा बदललेली नसेल तर रक्त देता येते. इन्सुलिन घेणाऱ्यांना देता येत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी होऊन गेला असेल तर कायमचे नाही. ही सगळी यादी पाठ करण्याचे कारण नाही, कारण शिबिरात डॉक्टर विचारतातच. पण जाण्यापूर्वी गेल्या वर्षभरातील आजार, औषधे, लशी आणि दवाखान्याच्या फेऱ्या एकदा आठवून ठेवाव्यात, म्हणजे टेबलावर घाईत "काही नाही" असे उत्तर जात नाही.

आदल्या रात्रीपासून

पुरेशी झोप घ्यावी. रात्रपाळी करून सकाळी थेट शिबिरात येणाऱ्यांना परत पाठवतात, आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. मद्य टाळावे. सकाळी नेहमीसारखा नाश्ता करावा, मात्र फार तेलकट नको, कारण तेलकट खाण्याने रक्तद्रव (प्लाझ्मा) दुधाळ होतो आणि तो घटक कधीकधी टाकून द्यावा लागतो. तासाभरात दोन-तीन पेले पाणी प्यावे.

उपाशीपोटी मात्र अजिबात जाऊ नये. माझे पहिले रक्तदान संकष्टीला झाले. उपास आहे का, असे डॉक्टरांनी विचारले, आणि सकाळी खाल्लेली दोन केळी मोजून मी "नाही" म्हणालो. रक्त देताना काहीच झाले नाही. नंतर मोठ्या ऐटीत उठलो, चहा नाकारला आणि मंडपाच्या तिसऱ्या पायरीवर खाली बसलो तो कानात शिट्टी वाजत असतानाच. चूक संपूर्णपणे माझी होती. एकादशी, चतुर्थी, नवरात्र किंवा रोजे चालू असतील तर दुसरा दिवस निवडावा. पुण्य दोन दिवसांत विभागले तरी चालते.

शिबिर की रक्तपेढी

दोन्ही चालतात. शिबिरात सोबत असते आणि पहिल्या वेळी तिचा आधार वाटतो. रक्तपेढीत गर्दी नसते आणि डॉक्टरांशी निवांत बोलता येते. कोणत्या परवानाधारक रक्तपेढीचे पथक आले आहे, हे शिबिरात विचारून घ्यावे. जवळच्या रक्तपेढ्या आणि त्यांच्याकडील साठा केंद्र सरकारच्या ई-रक्तकोश या संकेतस्थळावर पाहता येतो.

भेटवस्तूंबद्दल स्पष्टच लिहितो. रक्तदात्याला हेल्मेट, बॅग, डबे देण्याची चढाओढ आपल्याकडे वाढली आहे. चहा-बिस्किटे, प्रमाणपत्र, छोटे मानचिन्ह ठीक. पण किमती वस्तूचे आमिष दाखवले की आजार लपवून रांगेत उभे राहणारा माणूस तयार होतो, आणि धंदेवाईक दाते ज्या कारणासाठी बंद केले तेच मागच्या दाराने परत येते.

फॉर्म: सर्वांत महत्त्वाची दहा मिनिटे

नव्या दात्याचे सगळे लक्ष सुईकडे असते. वास्तविक रुग्णाच्या दृष्टीने सुईपेक्षा फॉर्म मोलाचा आहे. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसची लागण झाल्यानंतर सुरुवातीचा काही काळ असा असतो की विषाणू रक्तात असूनही चाचणीत दिसत नाही. नव्या चाचण्यांमुळे हा काळ कमी झाला आहे, पण शून्य झालेला नाही. त्या अवधीत रुग्णाचे रक्षण यंत्र करीत नाही, दात्याचे खरे उत्तर करते. म्हणूनच लैंगिक संबंधांविषयी, नशेच्या इंजेक्शनांविषयी, काविळीविषयी प्रश्न असतात.

एका शिबिरात मी नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. चार मित्र एकत्र आले, एकाने सगळीकडे "नाही"वर खुणा केल्या आणि उरलेल्या तिघांनी त्याच्या फॉर्मवरून खुणा उतरवून घेतल्या, परीक्षेत घेतात तशा. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. मागे उभा असलेला मित्र वाचतो आहे, एवढीच अडचण होती. अशा वेळी फॉर्म घेऊन बाजूच्या खुर्चीवर बसावे, किंवा डॉक्टरांना एकट्याने बोलायचे आहे असे सांगावे. ती माहिती गोपनीय असते, आणि "आज रक्तदाब जास्त निघाला" असे मित्रांना सांगून निघून जाण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे.

फुकट तपासणी होईल या विचाराने मात्र कोणी रक्तदान करू नये. स्वतःविषयी शंका असेल तर सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी विनामूल्य आणि गुप्तपणे होते, आणि 1097 या क्रमांकावर माहिती मिळते.

निळ्या द्रवातील थेंब

फॉर्मनंतर वजन, नाडी, रक्तदाब, आणि मग बोटाला एक टोचणी. अनेक ठिकाणी आता छोटे यंत्र आकडाच दाखवते, पण काही शिबिरांत अजूनही जुनी पद्धत दिसते, आणि ती पाहण्यासारखी आहे. मोरचुदाच्या निळ्याशार द्रावणाने भरलेल्या भांड्यात तुमच्या रक्ताचा एक थेंब वरून सोडतात. द्रावणाची घनता 1.053 इतकी नेमकी ठेवलेली असते. थेंब सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन 12.5 किंवा त्याहून जास्त. तो रेंगाळला, वर तरंगू लागला, तर कमी.

थेंब तरंगला म्हणून परत जावे लागणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते, आणि त्या अनेकदा ओशाळून जातात. वास्तविक ही त्यांना विनासायास मिळालेली उपयुक्त माहिती आहे. डॉक्टरांना दाखवून रक्ताची संपूर्ण तपासणी करावी, पालेभाज्या, कडधान्ये, अळीव खाण्यात वाढवावीत, त्यांवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही. तीन महिन्यांनी पुन्हा यावे.

याच वेळी रक्तगटही पाहतात, मात्र पक्का गट प्रयोगशाळेत ठरतो. तेथे पेशी आणि रक्तद्रव या दोन्ही बाजूंनी तपासणी होते. याचे महत्त्व मुंबईकरांना वेगळे सांगायला नको: 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच असा गट शोधला की जो वरवरच्या तपासणीत ओ वाटतो, पण ज्याला ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्यालाच बॉम्बे गट म्हणतात. भारतात हे लोक साधारण दहा हजारांत एक असतात, आणि त्यांना फक्त एकमेकांचेच रक्त चालते. त्यामुळे रक्तपेढीने तपासणीनंतर फोन करून वेगळा गट सांगितला तर तो विषय हसण्यावारी नेऊ नये.

खाटेवर

सैल बाहीचा शर्ट घालून जावे. कोणत्या हातातून घ्यायचे हे सांगता येते. बहुतेकजण डावा पुढे करतात. दंडाला पट्टा बांधून, कोपराच्या आतील बाजूची शीर पाहून जागा स्वच्छ पुसली जाते. पिशवी आणि सुई एकत्र सीलबंद आणि एकदाच वापरण्याची असते, त्यामुळे रक्त देताना संसर्ग होण्याचा प्रश्न येत नाही. सुई नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जाड असते. टोचताना दुखते, खोटे कशाला सांगायचे, पण दोन-तीन सेकंद. मग हातात स्पंजाचा चेंडू देतात, तो मधूनमधून दाबायचा. पिशवी एका हलणाऱ्या तबकडीवर डुलत असते, म्हणजे आतले द्रावण रक्तात मिसळत राहून गुठळी होत नाही. पिशवीवर, चाचणीच्या नळ्यांवर आणि तुमच्या फॉर्मवर एकच क्रमांक चिकटवलेला असतो, तो जमल्यास लक्षात ठेवावा.

सारे पाच ते दहा मिनिटांत आटोपते. घाम फुटला, जांभया येऊ लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बोटांत मुंग्या आल्या तर लगेच सिस्टरला सांगावे. त्या खाट पायाकडून उंच करतात आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते.

नंतरचा दिवस

खाटेवर आणि नंतर खुर्चीवर मिळून पंधरा मिनिटे तरी बसावे. चहा, बिस्किटे घ्यावीत (मी नाकारली होती, ती घ्यावीत). पट्टी चार-पाच तास ठेवावी, त्या हाताने त्या दिवशी सिलिंडर, पाण्याची कळशी, व्यायामशाळेतील वजने उचलू नयेत. तासभर सिगारेट नको, दिवसभर मद्य नको, आणि लगेच दुचाकी हाणू नये. जागा काळीनिळी पडली तर पहिल्या दिवशी बर्फाने शेकावे. आठवड्याभरात ती जाते. दुखणे वाढत गेले किंवा बोटे बधिर राहिली तर रक्तपेढीला फोन करावा.

फोन करण्याचे आणखी एक कारण असते, आणि ते कमी लोकांना माहीत असते. रक्त देऊन घरी आल्यावर ताप आला, किंवा फॉर्ममध्ये काही सांगायचे राहिले असे आठवले, तर तो लक्षात ठेवलेला क्रमांक सांगून कळवावे. पिशवी बाजूला काढली जाते आणि कोणी दोष देत नाही.

अशक्तपणा येईल का, हा नेहमीचा प्रश्न. प्रौढ शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. त्यातून 350 मिलिलिटर गेल्यावर पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशी भरून यायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि लोह त्याहून सावकाश. पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचे अंतर ठेवायला सांगतात ते याचसाठी.

पिशवीचे पुढे काय होते, आणि तारीख का पाहावी

पिशवी यंत्रात फिरवून तिचे तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि रक्तद्रव असे भाग केले जातात, त्यामुळे एका दात्याचे रक्त दोन-तीन रुग्णांना जाऊ शकते. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवल्या तर पिशवीतील द्रावणानुसार 35 ते 42 दिवस टिकतात. गोठवलेला रक्तद्रव वर्षभर टिकतो. प्लेटलेट मात्र खोलीच्या तापमानाला, सतत हलवत ठेवून, फक्त पाच दिवस. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की प्लेटलेटसाठी धावपळ होते, तिचे कारण हे पाच दिवस.

या आकड्यांमुळेच मला एका दिवसात हजार पिशव्यांचा विक्रम करणाऱ्या शिबिरांचे फारसे कौतुक वाटत नाही. ते रक्त दीड महिन्यात वापरले गेले नाही तर टाकून द्यावे लागते, आणि ते हजार दाते पुढचे तीन-चार महिने कोणालाच रक्त देऊ शकत नाहीत. आपल्याकडे जयंत्या, वाढदिवस आणि गणेशोत्सव यांच्या सुमारास रक्त भरपूर असते. महाविद्यालये बंद होऊन लोक गावी गेले की एप्रिल-मे आणि दिवाळीत पेढ्या रिकाम्या होतात. शिबिर घेणाऱ्या मंडळाने रक्तपेढीला आधी विचारावे की तुम्हाला किती आणि केव्हा हवे, आणि शंभर नावांची वर्षभरासाठी चार तुकड्यांत वाटणी करावी.

व्हॉट्सॲपवर "तातडीने ओ निगेटिव्ह" असा संदेश आला तर पुढे ढकलण्यापूर्वी त्यातील क्रमांकावर फोन करावा. पुष्कळदा तो रुग्ण कधीच घरी गेलेला असतो आणि संदेश तेवढा फिरत राहतो.

एकट्याने ठरवायचे असेल तर हिशोब सोपा आहे. 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या शिबिरात, रक्त दिलेल्या पुरुषाचे 90 दिवस लीप वर्ष नसेल तर 20 मे रोजी पूर्ण होतात, म्हणजे ऐन टंचाईत. त्याच दिवशी दिलेल्या स्त्रीचे 120 दिवस 19 जूनला भरतात. रक्तदानाहून घरी आल्यावर, पट्टी काढण्यापूर्वीच, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती पेनाने गोल करून ठेवावा आणि त्याखाली रक्तपेढीचा फोन क्रमांक लिहावा.